ऑपरेशनची सही कुणी करायची?

वऱ्हाडात ऑपरेशन ठरलं की दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "सोबत कोन हाय?" सोबत मुलगा असतो, जावई असतो, नाहीतर गावचा एखादा चार बुकं शिकलेला पुतण्या असतो. सिस्टर फाइल उघडते, बोट ठेवत जाते, "इथं, इथं अन् इथं." सह्या होतात. ज्याच्या पोटावर सुरी चालायची तो पेशंट तेव्हा कॉटवर पडलेला असतो आणि ज्याच्या हातात सुरी असायची तो सर्जन ओपीडीत किंवा आधीच्या केसमध्ये अडकलेला असतो. कायद्याने जो व्यवहार या दोघांमध्ये व्हायचा, तो तिसरा आणि चौथा माणूस मिळून उरकून टाकतात. अमरावती-अकोल्याकडच्या संमतीच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. अडाणीपणा, गरिबी, डॉक्टरांची घाई ही कारणं खरी असली तरी त्यानंतरची.

कायदा काय म्हणतो

रुग्णाच्या संमतीचा असा एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो निरनिराळ्या कायद्यांतून गोळा करावा लागतो. १८७२च्या करार कायद्याचं तेरावं कलम सांगतं की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेला होकार ही संमतीच नव्हे, हे भारतीय दंड विधानाच्या कलम ९०मध्ये होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २८ म्हणून आलं आहे. नशेत असलेल्याची, काय चाललंय ते न कळणाऱ्याची आणि बारा वर्षांखालच्या मुलाची संमतीही तिथे बाद धरली जाते. बेशुद्ध अवस्थेत आणलेला अपघातग्रस्त, सोबत कुणी नाही, जीव धोक्यात, अशा वेळी मात्र डॉक्टरने सद्भावनेने, संमतीवाचून उपचार केले तर कलम ३० त्याच्या पाठीशी उभं राहतं. म्हणजे 'सही नाही म्हणून हात लावला नाही' ही सबब अशा प्रसंगात चालत नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२चे नियम आजही लागू आहेत. त्यांच्या जागी ऑगस्ट २०२३मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. २००२च्या नियमांत ७.१६ क्रमांकाचं कलम ऑपरेशनपूर्वी लेखी संमती घ्यायला सांगतं. ती कुणाकडून घ्यायची याची यादी मात्र मासलेवाईक आहे. आधी नवरा किंवा बायको, मग अल्पवयीनांसाठी आईबाप किंवा पालक, आणि शेवटी 'यथास्थिती' स्वतः रुग्ण. ज्याचं शरीर त्याचा नंबर शेवटचा. 'सोबत कोन हाय' या प्रश्नाला असा नियमांचाही थोडा आधार आहे.

महाराष्ट्राने त्यामानाने पुढचं पाऊल टाकलं. शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९चा. त्याखालचे नियम राज्य सरकारने जानेवारी २०२१मध्ये सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८मध्ये सतरा हक्कांची सनद तयार केली होती, तिच्यातला संमतीचा हक्क इथेही आला.

२००८चा निकाल आणि त्यातला रुग्ण

या विषयावर देशभर आधार घेतला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८च्या निकालाचा, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. घटना दिल्लीची, १९९५ सालची. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. तपासणीसाठी तिला भूल दिली होती. त्या अवस्थेत असताना डॉक्टरांच्या साहाय्यकाने बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व दोन्ही अंडाशयं काढण्यात आली. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती भुलीखाली आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही ही तिची संमती होत नाही. तपासणीला दिलेला होकार हा उपचाराला दिलेला होकार नव्हे, हेही त्याच निकालात पक्कं झालं.

डॉक्टरने काय सांगायचं याची यादीही न्यायालयाने दिली: उपचाराचं स्वरूप आणि हेतू, फायदा, दुसरा पर्याय असल्यास तो, ठळक धोके, आणि उपचार न घेतल्यास काय होईल. मात्र किती खोलात जायचं याचं माप न्यायालयाने डॉक्टरांच्या प्रचलित रिवाजावर सोडलं. त्यामागचं कारण आज तपासून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर किंवा अर्धशिक्षित असतात, त्यांना वैद्यकीय संज्ञा कळत नाहीत, ते डॉक्टरवर विसंबून असतात, असं चित्र न्यायालयापुढे होतं.

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता २०११च्या जनगणनेत ८७ टक्क्यांच्या वर होती. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, पीकविम्याचा अर्ज, बँकेची नोटीस वाचली जाते. हाच माणूस दवाखान्यात आला की "आमाले काय समजते, तुमाले जे वाटते ते करा" म्हणतो. त्याला वाचता येत नाही म्हणून तो असं म्हणत नाही. त्याच्यासमोर वाचण्याजोगं काही ठेवलेलं नसतं आणि विचारलं तर डॉक्टर रागावतील अशी धास्ती असते.

कागद जवळून पाहिला तर

नेहमीचं छापील संमतीपत्र हातात घेऊन पाहावं. 'मी खाली सही करणार' इथून सुरू झालेलं वाक्य दहा-बारा ओळींनी संपतं. 'माझ्यावर / माझ्या रुग्णावर' यातलं एक खोडायचं असतं, ते खोडलेलं नसतं. शस्त्रक्रियेच्या नावाच्या रिकाम्या जागेत इंग्रजी अक्षरांचं लघुरूप येतं. सिझेरियन असेल तर एलएससीएस, पिशवी काढायची असेल तर टीएएच. कधी ही जागा सहीनंतर भरली जाते. 'सर्व धोके मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत' हे वाक्य आधीपासून छापलेलं असतं, पण ते धोके कोणते, हे लिहायला ओळ नसते. पर्यायी उपचारांचा रकाना बहुधा नसतोच. पेशंट गंभीर असेल तर 'हाय रिस्क कन्सेंट' म्हणून नातेवाइकाकडून त्याच्याच हस्ताक्षरात चार ओळी लिहून घेतात. मजकूर मात्र सांगणाराच सांगतो.

अशा कागदाला कोर्टात फारशी किंमत उरत नाही, हे डॉक्टरांनीही लक्षात घ्यायला हवं. सगळ्या ऑपरेशनांना चालणारे, रिकाम्या जागा ठेवलेले साचेबंद छापील फॉर्म वापरणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२०मध्ये एका प्रकरणात ठरवलं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलं होतं.

बाईची सही

सगळ्यांत जास्त सह्या दुसऱ्यांनी केलेल्या सापडतील त्या बायकांच्या ऑपरेशनांत. अमरावतीत डफरीन आणि अकोल्यात लेडी हार्डिंग या नावांनी ओळखली जाणारी जिल्हा स्त्री रुग्णालयं म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या गरीब बाळंतिणींचा आधार. रात्री-बेरात्री सिझेरियनची वेळ येते तेव्हा अशा कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात जे घडतं ते सगळ्यांच्या परिचयाचं आहे. सासू म्हणते नवऱ्याला फोन लावा, नवरा म्हणतो तिच्या बापाले इचारू द्या. यात अर्धा तास जातो आणि बाळाचे ठोके तेवढा वेळ वाट पाहत नाहीत. अठरा वर्षांवरची, शुद्धीत असलेली बाई स्वतः हो म्हणाली तर कायद्याला आणखी कुणाची गरज नाही. हे नातेवाइकांना माहीत नसतं. डॉक्टरांना माहीत असतं, पण उद्या काही बरंवाईट झालं तर अंगावर येणारा जमाव नातेवाइकांचा असतो, म्हणून ते थांबतात.

नियमांमध्येही एकवाक्यता नाही. गर्भपातासाठी १९७१च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. सरकारी कार्यक्रमातल्या नसबंदीसाठीही जोडीदाराची संमती लागत नाही. आणि वर उल्लेख केलेलं ७.१६ कलम मात्र मूल होण्याची शक्यता संपवणाऱ्या ऑपरेशनाला नवरा-बायको दोघांची संमती मागतं. एकाच बाईला एकाच इमारतीत दोन खिडक्यांवर दोन नियम लागतात.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्याही फायलींत संमतीपत्रं असतीलच. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं ऐकल्यावर केलेली सही गैरसमजातून केलेली सही ठरते. वऱ्हाडात ऊसतोड फारशी नाही, पण "अंगावरून जाते, पिशवी काढून टाका" हा सल्ला इथल्या बाईलाही सहज मिळतो.

खरी संमती इथे कशी दिसेल? डॉक्टर बाईशी तिच्याच बोलीत बोलेल. "मावशी, तुमच्या पिशवीत गाठ हाय. कॅन्सरची नाही. ते काढाची का ठेवाची, हे आपन मिळून ठरवू. गोळ्या घेऊन तीन महिने वाट पायता येते. पाळी जायचं वय आलं असंन तर गाठ आपसूक आकसू शकते. काढाचीच ठरली तर अंडाशयं ठेवाची का नाही, ते येगळं ठरवा लागते. ते काढले तर पाळी एकदम जाते, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात." आणि शेवटी, "आता तुमाले काय समजलं ते मले सांगा पाहू." या शेवटच्या वाक्यात सगळी परीक्षा आहे. उलट सांगता आलं तर समजलं, नाहीतर पुन्हा सांगायचं. एवढ्या बोलण्याला पाच-सात मिनिटं पुरतात.

मेळघाटचा वेगळा पेच

धारणी-चिखलदऱ्याकडे गोष्ट आणखी अवघड होते. इथली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचा मराठीशी काही संबंध नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. घाट उतरून 'रेफर' झालेला कोरकू माणूस अमरावतीला पोचतो तेव्हा त्याच्यासमोर मराठी फॉर्म, हिंदीत तोडकंमोडकं बोलणारा कर्मचारी आणि इंग्रजी केसपेपर असतो. गावात त्याला भूमका, म्हणजे पारंपरिक वैदू, भेटलेला असतो, जो त्याच्याच भाषेत बोलतो आणि वेळ देतो. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे डाग देण्याची प्रथा तिथून पुरती गेलेली नाही, यामागे अंधश्रद्धा आहेच. पण दवाखान्यात कुणी समजावून बोलत नाही हेही एक कारण आहे.

या भागात टिकलेल्या डॉक्टरांनी भाषा आणि विश्वास यांना उपचाराचाच भाग मानलं. बैरागडचं डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे दाम्पत्य आणि उतावलीला 'महान' संस्थेचं रुग्णालय चालवणारे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव ही त्यांतली ठळक नावं. मेळघाटातल्या सरकारी दवाखान्यांत स्थानिक आदिवासी समुपदेशक बसवण्याचा 'महान'चा प्रयोगही याच समजुतीतून आला. असा एक कोरकू बोलणारा माणूस अमरावतीच्या ऑपरेशन वॉर्डातही कायम हवा.

विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आहे. अशा पेशंटला भुलीच्या वेळी थंडी, पाण्याची कमतरता किंवा ऑक्सिजनची घट बाधू शकते. हा धोका त्याला आधी सांगायला हवा आणि त्याच्याकडचं सिकलसेलचं कार्ड विचारून बघायला हवं. छापील फॉर्मात ही ओळ नसते, ती बोलण्यातूनच पुढे येते.

दबावाची संमती

समजून दिलेली पण मोकळेपणाने न दिलेली, अशीही संमती असते. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा बनलं नाही. छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४मध्ये नसबंदीच्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. त्यातल्या एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ ऑपरेशनं उरकली होती. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात २०१६मध्ये सांगितलं की नसबंदीची माहिती त्या व्यक्तीच्या भाषेत समजवावी आणि सहीआधी तिला विचार करायला तासाभराची उसंत द्यावी. ही उसंत फक्त नसबंदीलाच का? हर्निया, मुतखडा, पित्ताशय, मोतीबिंदू यांसारख्या ठरवून करायच्या ऑपरेशनांत तासच काय, पूर्ण रात्र देता येते.

अकोल्यात २०१५च्या डिसेंबरात किडनी तस्करीचं प्रकरण उघड झालं. कर्जात बुडालेल्या गरिबांना सावकारी पैशाच्या बदल्यात किडनी द्यायला लावलं गेलं, काहींना त्यासाठी श्रीलंकेपर्यंत नेलं, असं तपासात पुढे आलं. कागदोपत्री तिथेही दात्यांची संमती होती. दुसऱ्या बाजूला अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आज रीतसर किडनी प्रत्यारोपण होतं. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याला सगळे परिणाम आणि धोके समजावून सांगणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि समितीपुढे जाणाऱ्या दात्याच्या मुलाखतीचं चित्रीकरण होतं. म्हणजे कायद्याने आग्रह धरला की याच जिल्ह्यातल्या याच माणसांशी समोरासमोर बोलणं जमतं. अवयव देणाऱ्याला जी वागणूक मिळते, तिचा निम्मा वाटा तरी पिशवी किंवा पित्ताशय काढून घेणाऱ्याला मिळावा.

पैशाचा दबावही विसरून चालणार नाही. आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने २ जुलै २०१२ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. योजनेने अनेकांचं घर-शेत वाचवलं. पण योजनेत बसणारं ऑपरेशन आणि योजनेत न बसणाऱ्या गोळ्या यांतून निवडायचं असेल तर गरिबाचा कौल आधीच ठरलेला असतो. औषधोपचारांनी भागण्यासारखं होतं का, हे सांगणारं कुणी योजनेच्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर नसतं. ते काम डॉक्टरचंच. विनाकारण ऑपरेशनांबद्दल डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे लिहिलं, ते खुद्द डॉक्टरांच्याच तोंडचं आहे.

डॉक्टरांची बाजू

हे सगळं लिहिताना सरकारी दवाखान्यातल्या सर्जनचा दिवसही डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. सकाळी ओपीडीची रांग, दुपारी ऑपरेशनं, रात्री अपघात. 'सगळे धोके सांगितले तर पेशंट पळून जाईल आणि बुवाकडे जाईल' ही त्याची भीती खोटी नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्याला २०१०मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. मार खाण्याच्या भीतीने डॉक्टर नातेवाइकांच्या सह्या गोळा करत राहतो. पण त्या सह्यांनी एकही हल्ला थांबलेला नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन मधेच पोट उघडून करावं लागू शकतं, हे आदल्या दिवशी ऐकलेला माणूस मोठा टाका पाहून भडकत नाही. न ऐकलेल्याला वाटतं, काहीतरी चुकलं आणि आता ते लपवतायत.

ब्रिटनमध्येही बरीच वर्षं माहितीचं माप डॉक्टरांच्याच हातात होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये माँटगोमेरी प्रकरणात ते बदललं. समोरच्या रुग्णाच्या जागी असलेल्या शहाण्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे, असं तिथे आता ठरलं आहे. आपला २००८चा निकाल या कसोटीच्या अलीकडे थांबलेला आहे. त्याचा फेरविचार व्हायला हवा, पण तोवर हात बांधून बसण्याचं कारण नाही.

करता येण्याजोगं

बदल फार खर्चाचे नाहीत. ठरवून करायच्या ऑपरेशनाची संमती ऑपरेशन करणाऱ्याने किंवा त्याच्या पथकातल्या डॉक्टरने आदल्या दिवशी घ्यावी, आणि भुलीची संमती भूलतज्ज्ञाने वेगळी घ्यावी. 'कमरेतलं इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर दुखते' या समजाचं उत्तर तोच देऊ शकतो. नेहमीच्या पंधरा-वीस ऑपरेशनांसाठी साध्या मराठीत एकेक पानी वेगळे फॉर्म करावेत, त्यांत धोके आणि पर्याय लिहिलेले असावेत. हे काम अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून हाती घेतलं तर वर्षभरात दोन्ही जिल्ह्यांत वापरता येतील. सही पेशंटची, नातेवाईक साक्षीदार, हा क्रम फॉर्मवरच छापावा. ७.१६ कलमातला क्रमही उलटा करावा, त्यासाठी डॉक्टरांच्या संघटनांनीच मागणी केली पाहिजे.

वाचकांसाठी एवढंच. घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं तर सहीआधी पाच गोष्टी विचारा: आजार काय, ऑपरेशन कशासाठी, दुसरा इलाज आहे का, धोका कोणता, आणि नाही केलं तर काय होईल. रिकामी जागा असलेल्या कागदावर सही करू नका. शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, तो तुमचा हक्क आहे. फाइलची नक्कल मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते. आणि पेशंट शुद्धीत असेल, सज्ञान असेल, मग ती तुमची आई असो की सून, तर पेन तिच्या हातात द्या.